लाल म्हणजे पक्कं

४ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून माझ्या आयुष्यात लिहून ठेवण्यासारखं काही घडणार आहे. आरोग्य केंद्राच्या मोबाईल योजनेचा समन्वयक म्हणून माझी नेमणूक झाली. इतकी वर्षं याच केंद्राच्या स्टोअरमध्ये कापूस, फिनेल आणि मोडक्या खुर्च्या सांभाळत बसलो. कुणी धड नमस्कार केला नाही. आता बघतो एकेकाला.

योजना सोपी आहे. गावोगाव हिंडणाऱ्या आठ आरोग्यसेविकांना एकेक मोबाईल. त्यात अ‍ॅप. घरी जायचं, पेशंटचं नाव टाकायचं, फोटो काढायचा, दंडाला मशीन बांधून प्रेशर घ्यायचं. मशीन आकडा परस्पर मोबाईलला पाठवतं, हाताने टाकता येत नाही. म्हणजे या बायकांना थापा मारायला जागाच ठेवलेली नाही. ज्याने हे केलं त्याच्या पाया पडावंसं वाटतं. मग सगळा डेटा थेट मुख्यालयाला.

ध्येय: उन्हाळ्याच्या आत मुख्यालयात बदली. तिथे माझा मेहुणा बसतो. फिरत्या खुर्चीत. माझ्यापेक्षा लहान, माझ्यापेक्षा टकला, आणि हिच्या माहेरचं सगळं कौतुक त्याच्या वाट्याला. मुख्य प्रशिक्षकाची जागा रिकामी आहे, हे त्याच्याच तोंडून निसटलं. निसटल्यावर त्याने विषय बदलला. पण मी ऐकलं.

हिला नेमणुकीची बातमी दिली. म्हणाली, बरं, आणि भाजीवर वरून मीठ घेऊ नका. दोन्हीचा संबंध काय ते कळलं नाही.

६ नोव्हेंबर
मशीनं आली. आठ. पांढरीशुभ्र, प्रत्येक वेगळ्या खोक्यात. ताब्यात घेतल्याची सही माझी. उद्या कुणी एक आपटलं तर मान कुणाची? माझी. या बायका शेताच्या बांधावरून चालतात, ओढे ओलांडतात, टेम्पोच्या मागे लटकतात. स्टोअरच्या अनुभवाचा इथे उपयोग झाला. आठही मशीनं कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. बायकांना नुसते मोबाईल वाटले.

तोफ लगेच उडाली. तोफ म्हणजे सेविकांमधली सगळ्यात जुनी. तिला नाव आहे, पण ती बोलायला लागली की खिडकीच्या काचा हलतात. सगळ्यांना सांगून ठेवलंय की मला सर म्हणायचं. सातजणी म्हणतात. ही मुद्दाम भाऊ म्हणते. म्हणाली, अहो भाऊ, पेशंट घरी आणि मशीन कपाटात, मग प्रेशर काय भिंतीचं घेऊ? सातही जणी हसल्या. कोण किती हसलं ते लक्षात ठेवलं आहे.

७ नोव्हेंबर
तोडगा काढला. मशीन पेशंटकडे जाणार नाही. पेशंटने मशीनकडे यावं. गरज कुणाला आहे? तसा निरोप गावोगाव पाठवला.

११ नोव्हेंबर
एक म्हातारा आला. त्याला वाटलं इथे मोबाईल वाटतायत. नाहीत म्हटल्यावर मला वाईटसाईट बोलून गेला. या लोकांसाठी काही करूच नये.

सेविका गावांतून नावं आणि फोटो आणतात, पण प्रेशरशिवाय अ‍ॅप फॉर्म सोडत नाही. सगळे फॉर्म तुंबले आहेत. अपलोड शून्य. मेहुण्याचा फोन. काय दाजी, तुमच्या विभागातलं अजून काहीच दिसत नाही स्क्रीनवर? दाजी म्हणताना तो हसतो. फोनवरसुद्धा कळतं.

डोकं मागच्या बाजूने ठणकतंय. ऑफिसची ट्यूबलाईट बदलून मागायला हवी.

१२ नोव्हेंबर
सुचलं! आंघोळ करताना सुचलं आणि केंद्रात पोचेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. लोक कल्पना चोरतात.

प्रेशर म्हणजे फॉर्मचा एक रकाना. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, एवढंच त्याचं काम. खरा माल म्हणजे नाव आणि फोटो. मग दंड कुणाचा, याच्याशी अ‍ॅपला काय देणंघेणं? फक्त दंड निरोगी माणसाचा हवा, म्हणजे कुणाचं वाकडं होणार नाही. आता या केंद्रात निरोगी माणूस कोण? डॉक्टरीणबाईंची अर्धशिशी, शिपायाचा मधुमेह, तोफेचे गुडघे. उरलो मी.

संध्याकाळी सगळ्या जमल्या. मी खुर्चीत बसलो आणि बाही वर केली. फॉर्म उघड, मशीन दाब, फॉर्म बंद. पुढची. तुंबलेलं सगळं वाहतं झालं. बायका वेळेत घरी गेल्या. एकीने तर थँक्यू सर म्हटलं. दंड सुजला आहे, पण काम म्हटलं की अंग झिजवावं लागतं.

तोफ म्हणाली, भाऊ, हे प्रेशर तुमचं आहे, त्या बायाबापड्यांचं नाही. मी म्हटलं, हे प्रेशर योजनेचं आहे. वाक्य इतकं चांगलं होतं की पुन्हा एकदा म्हटलं.

१४ नोव्हेंबर
एक बारीकसा प्रश्न. फॉर्म बंद झाला की नाव लाल होतं. एका सेविकेने विचारलं, सर, लाल का? बाकीच्या जिल्ह्यात हिरवं होतं म्हणे. माहितीपुस्तिका आली आहे, पण ती मी उघडलेली नाही. मी शिकवणारा माणूस आहे, शिकणारा नव्हे. क्षणभर विचार केला. शिक्का कुठल्या रंगाचा असतो? लाल. शेवटची सही झाली की मारतात तो. हिरवं म्हणजे अजून कच्चं, झाडावरच्या फळासारखं. तसं सांगितलं. पटलं सगळ्यांना. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं: लाल म्हणजे पक्कं.

आकडे जरा मोठे दिसतात खरे. पण मशीन नवं आहे. नवी चप्पल आधी चावतेच.

१८ नोव्हेंबर
तोफ माझ्या दंडावर फॉर्म भरायला तयार नाही. म्हणते, खोटं मी लिहिणार नाही. जशी काही हरिश्चंद्राची वारसदार. तिच्या नावापुढे शून्य. तिच्यामुळे अख्ख्या विभागाचा टक्का खाली. मी तिचा मोबाईल काढून घेतला आणि तिच्या गावांचे सगळे फॉर्म स्वतः भरले. एका हाताने मोबाईल, दुसऱ्या दंडाला मशीन. मन मोठं असल्याशिवाय माणूस हे करत नाही.

मोबाईल घेताना तिने काही शब्द वापरले. ते इथे लिहीत नाही.

२१ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा येतात, बाकी दिवस दुसरं केंद्र. आज माझ्या दाराशी उभ्या. म्हणाल्या, मला अ‍ॅपचं लॉगिन अजून का नाही? म्हटलं, विचाराधीन आहे. कोणाच्या विचाराधीन? म्हटलं, माझ्या. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, तुमचा चेहरा फार लाल दिसतोय, बसा, प्रेशर बघते. काय डाव आहे बघा! माझ्यात खोट काढायची आणि योजना स्वतःकडे ओढायची. म्हटलं, माझं प्रेशर रोज शंभर वेळा बघितलं जातं, आपण चिंता करू नये.



२५ नोव्हेंबर
शंभर टक्के!!! सगळी गावं, सगळी घरं, सगळी नावं लाल. अंगणवाडीतल्या पोरांपासून खाटेवरच्या आजोबांपर्यंत.

नाकातून थोडं रक्त आलं. हवा कोरडी आहे.

२७ नोव्हेंबर
मेहुण्याचा फोन. आवाज बदललेला. दाजी, तिकडे चाललंय काय? मुख्यालयाच्या नकाशावर फक्त तुमचा विभाग दिसतोय. लालभडक. सगळे उभे राहून बघतायत.

सगळे उभे राहून! खुर्च्या फिरत असून!

मी सहज म्हटलं, करतोय आपलं जमेल तसं. तो म्हणाला, मस्करी नाही दाजी. त्याचा पोटशूळ मला समजतो. हिला सांगितलं की तुझ्या भावाचं नाक खाली झालं. ही म्हणाली, तुमच्या नाकातून रक्त का येतंय ते आधी बघा.

२ डिसेंबर
खुद्द मोठ्या साहेबांचा फोन. मुख्यालयाचे मोठे साहेब! उभं राहून बोललो. म्हणाले, इतक्या वर्षांच्या नोकरीत असे आकडे मी पाहिले नाहीत. म्हटलं, आपला आशीर्वाद. म्हणाले, आम्ही पथक घेऊन येतोय.

बदली झालीच समजायची. आज वरून मीठ घेतलं. दोनदा.

४ डिसेंबर
मुख्यालयाचा आदेश: विभागात प्रेशरची मोठी लाट दिसते, विहिरींच्या पाण्याचे आणि दुकानातल्या मिठाचे नमुने पाठवावेत, लोकांनी मीठ ताबडतोब कमी करावं.

लाट आहे म्हणतात तर असेल. मी आकडे पाठवतो, त्यांचा अर्थ लावायला ते पगार घेतात. दवंडी दिली. दुकानदारांना दम भरला. एका म्हातारीच्या घरातून मिठाची बरणी सेविकेकडून उचलून आणवली. म्हातारीने आरडाओरडा केला. गावागावांत लोक घाबरले आहेत, एकमेकांच्या नाड्या बघतायत, एका माणसाने विहीर बुजवायला घेतली. अडाणी लोकांना शिस्त लागायला भीती बरी असते.

बरणी सध्या माझ्या टेबलावर आहे. मी निरोगी असल्याने मला आदेश लागू नाही.

९ डिसेंबर
आज फार मनस्ताप. सगळं तोफेमुळे.

सकाळी दारात. शेवटच्या वस्तीवर एक गरोदर मुलगी आहे, आठवा लागलाय, पाय सुजलेत, डोकं धरून बसली आहे, डोळ्यांपुढे चांदण्या दिसतात म्हणते. मला एक मशीन द्या, तासाभरात आणून देते. मी शांतपणे नियम सांगितला. मशीन बाहेर जात नाही. पाहिजे तर मुलीला आण. म्हणाली, तिला उठवत नाही, भाऊ. मी मोबाईलमध्ये त्या मुलीचं नाव काढून दाखवलं. ही बघ. लाल. तीन आठवड्यांपासून मुख्यालयाला कळवलेलं आहे. आणखी काय पाहिजे?

तोफ म्हणाली, लाल तर माझी सासूपण आहे, आणि ती सकाळपासून शेण काढतेय. सगळंच लाल केलंत, आता खरी लाल कोण ते त्या मुख्यालयाला कसं कळणार?

मग तिने कपाटावर लाथ मारली. सरकारी कपाटावर! आणि गेली.

दुपारी कळलं की तिने भाजीचा टेम्पो थांबवला, टोपल्या रस्त्यात उतरवल्या आणि मुलीला घेऊन थेट मोठ्या दवाखान्यात गेली. कुणाला विचारून? दिवसभर तिची एकही भेट नाही, एकही नोंद नाही. मी कारणे दाखवा नोटीस काढली. भाषा कडक ठेवली आहे.

डोळ्यांपुढे मलाही अधूनमधून चांदण्या दिसतात. म्हणून काय मी टेम्पो थांबवतो?

११ डिसेंबर
मुलगी वाचली. मुलगा झाला, काचेच्या पेटीत ठेवलाय, पण रडतो म्हणे चांगला. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की आणखी दोन तास उशीर झाला असता तर दोघंही गेली असती. हे सांगताना माझ्याकडे बघत होत्या.

म्हणजे शेवटी काही झालंच नाही. उगाच धावपळ.

शिवाय अ‍ॅपने तीन आठवडे आधी लाल दाखवलंच होतं. हा मुद्दा पथकासमोर मांडणार. 'अ‍ॅपने वाचवला जीव' असं एक पान भाषणात वाढवलं.

तोफेने नोटीस घेतली, वाचली आणि त्याच कागदाने टेबल पुसलं. माझंच टेबल होतं, पण हेतू चांगला नव्हता.

१३ डिसेंबर
उद्या पथक. शर्टाला इस्त्री. भाषण पाठ. भिंतीवर नवीन कागद. ही म्हणाली, झोपा जरा, डोळे बघा कसे झालेत. म्हटलं, मुख्यालयात गेल्यावर झोपीन.

१४ डिसेंबर, सकाळी
दोन गाड्या आणि एक रुग्णवाहिका. रुग्णवाहिका कशाला आणली कळलं नाही. मानासाठी आणली असेल. साहेब, हृदयाचे एक मोठे डॉक्टर, चार नर्स, आणि मेहुणा. मी भाषणाला उभा राहणार तेवढ्यात साहेब म्हणाले, आधी गावं बघू.

दुपारी
गावं बघून आले. पथकाने स्वतःच्या मशीनने घरोघर प्रेशर घेतलं. सगळ्यांचं नॉर्मल. दोन म्हाताऱ्यांचं थोडं जास्त, ते आधीच गोळ्या घेतात. ज्या म्हातारीची बरणी आणली तिचं तर वीस वर्षांच्या पोरीसारखं. तिने साहेबांकडे बरणी परत मागितली.

मोठे डॉक्टर डोकं खाजवतायत. मला काळजी नाही. त्यांची मशीनं जुनी आहेत.

दोन घास खाऊन भाषण.

१९ डिसेंबर, मुख्यालय
मोठ्या दवाखान्याचा वॉर्ड. झोपून लिहितोय, अक्षर वाकडं येतं. पण काय झालं ते मीच लिहायला हवं, बाकीचे तिखटमीठ लावून सांगतात.

त्या दिवशी जेवण झाल्यावर साहेब म्हणाले, भाषण राहू द्या, नोंद कशी करता ते करून दाखवा. मी म्हटलं, आनंदाने. कपाट उघडलं. एका सेविकेला बोलावलं. तिने एका पेशंटचं नाव काढलं. मी खुर्चीत बसलो, बाही वर केली आणि दंड पुढे केला. सगळे एकदम पुढे सरकले. मला वाटलं छाप पडली.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, पेशंट कुठे आहे? म्हटलं, तिच्या घरी. मग हा दंड? म्हटलं, माझा. आणि काल? माझा. आणि परवा? मी म्हटलं, साहेब, पहिल्या दिवसापासून एकही सुट्टी न घेता माझाच. हे मी अभिमानाने सांगितलं, हे नाकारत नाही.

मशीनने आकडा दाखवला. डॉक्टर जागेवरून उठले. आपलं मशीन काढलं. दुसरा दंड. पुन्हा पहिला. डॉक्टरीणबाईंना म्हणाले, हा माणूस उभा कसा आहे? मी उभा नव्हतो, बसलो होतो, ते सांगायला गेलो तर जीभ जड झाली. उजवा हात उचलेना. भाषण तोंडपाठ होतं, एक शब्द येईना. तोफ पुढे आली. मला वाटलं आता ही सगळ्यांसमोर माझी उतरवणार. तिने नुसतं माझं डोकं धरलं आणि शिपायाला ओरडून म्हणाली, स्ट्रेचर आण, बघतोस काय! काचा हलल्या.

रुग्णवाहिकेत छताकडे बघत होतो. हिला घरून बोलावून घेतलं होतं, शेजारी बसून रडत होती. घाबरलो मी. फार घाबरलो. इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही.

डॉक्टर म्हणतात, वेळेत आलात. वेळेत आलो नाही, मला आणलं. त्यांच्या भाषेत फरक नसेल.

२२ डिसेंबर
हात थोडा हलतो. डाव्या हाताने लिहितोय. मेहुणा रोज डबा आणतो. अळणी. दाजी म्हणताना आता हसत नाही. त्यापेक्षा हसलेला बरा होता.

तो सांगतो, आठही मशीनं सेविकांच्या पिशव्यांत गेली. कपाट आता कोट टांगायला आहे. समन्वयक हे पद काढून टाकलं. नोटीस परत घेतली, आणि ती काढली कुणी म्हणून वेगळी नोटीस निघाली आहे. मुख्य प्रशिक्षकाच्या जागेसाठी तोफेला विचारलं. तिने सांगितलं, मला गावं सोडून कुठे यायचं नाही. नाही म्हणाली! फिरत्या खुर्चीला! गाढवाला गुळाची चव काय.

ती जागा अजून रिकामी आहे. मी इथेच आहे, दोन इमारती सोडून. हाताने सही जमायला लागली की अर्ज टाकतो.

२४ डिसेंबर
सकाळी वॉर्डात गडबड. मोठे साहेब बाहेरच्या पाहुण्यांना घेऊन आले. ते मोबाईल योजना बघायला आले होते. मी केस नीट केले. साहेब सरळ माझ्याच कॉटपाशी थांबले. माझ्याच! पाहुण्यांना म्हणाले, नकाशावर तो लाल विभाग दाखवला ना मघाशी, तो हा.

पाहुण्यांनी इकडेतिकडे बघितलं. विचारलं, आणि त्या विभागातले बाकीचे पेशंट?

साहेब म्हणाले, बाकीचे सगळे ठणठणीत आहेत.

मी उठून नमस्कार करायला गेलो. नर्स म्हणाली, पडून राहा. राहिलो.